मानाचा गोली

मी गोलपोस्टाचा डावा खांब बोलतोय. तळ्याकडच्या गोलाचा. हसू नका. वर्षानुवर्षं माझ्या पाठीला टेकून तुम्ही वाद घातलात, माझ्यावर तंबाखू थुंकलात, टीम हरली की मला लाथा घातल्यात. आता थोडा वेळ तुम्ही गप्प बसा आणि माझं ऐका.

आपली टीम कोचमुळं हरते, की पोरांच्या अंगात खेळच नाही म्हणून हरते? या एका प्रश्नापायी माझ्यासमोर दात पडले, डोकी फुटली, भाऊ-भाऊ एकमेकांच्या गळ्याला झोंबले. उत्तर मात्र कुणालाच नको होतं. उत्तर माझ्या शेजारी उभं होतं, हातमोजे घालून.

पण आधी माझी ओळख.

माझी सुरुवातच घणाखाली झाली. मी बोअरची केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून जमिनीत ठोकतात तो लोखंडी पाईप. कल्याणप्पांच्या वडिलांनी माळावरच्या रानात बोअर घेतला, तेव्हा मला उभं ठोकलं. वरून घण, खालून खडक. पाणी लागलं नाही. नुसता पांढरा धुरळा उडत राहिला. मग साखळ्या बांधून, ट्रॅक्टर लावून मला उपसलं. सालटं निघावीत तसा निघालो मी बाहेर. पुढं कडब्याच्या गंजीमागं गंजत पडलो.

त्याच सुमारास फौजेतून परतलेल्या एका हवालदारानं गावात फुटबॉल आणला. अणदूरच्या अलीकडं, तळ्याच्या वर जो माळ आहे, तो पोरांनी साफ केला. मैदान करायचं म्हणजे गावाचं काम, आणि गावाचं काम म्हटलं की प्रत्येक घरानं काहीतरी द्यायचं. कल्याणप्पांच्या वडिलांनी पाईप दिले. कुणी फळी मारून जमीन सपाट केली. कुणी फक्की टाकून रेघा आखल्या. मेंढरं राखणाऱ्या गोरोबाच्या आज्ज्यानं माझे खड्डे खणले. त्या मुरमात पहार लागत नव्हती. हाताला फोड येऊन फुटले, तरी तो खणत राहिला.

आणि मग गावानं ती गोष्ट केली, जी फक्त आपल्याच गावाला सुचू शकते. खंडोबाच्या जत्रेत पालखीचा खांदा कोणत्या घराचा, मशाल कोणत्या घराची हे जसं ठरलेलं असतं, तसे टीममधले मान वाटले. ज्यानं पाईप दिले त्याच्या घरचा सेंटर फॉरवर्ड. ज्यानं फळी मारली त्याच्या घरचा हाफ. ज्यानं खड्डे खणले त्याच्या घरचा गोली. हवालदारानं कपाळावर हात मारला म्हणतात. पण तेव्हा खेळ नुसता गमतीचा होता, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

आता गंमत राहिली नाही. तालुक्याची स्पर्धा होते, गावोगावच्या टीम येतात, मोबाईलवर सामने दाखवतात. मान मात्र तेच. आज्जा मेला की बाप, बाप थकला की पोरगा.

असा गोरोबा माझ्या वाट्याला आला.

बुटका, काटक, सतत पायाच्या चवड्यांवर उभा. उंच चेंडू आला की त्याची बोटं जेमतेम बारपर्यंत पोचायची. चेंडू आत जायचा, मागच्या जाळीत फडफडायचा आणि लोक ओरडायचे, "भाड्या, झोपला का रं?" गोरोबा वाकायचा, चेंडू काढायचा आणि मध्याकडं बघत राहायचा. ते बघणं मला कळायचं. तहानलेला माणूस दुसऱ्याच्या तांब्याकडं बघतो ना, तसं. पोराला पुढं खेळायचं होतं. एवढंच. आयुष्यात एकदा चेंडू पायात घेऊन समोरच्या गोलाकडं पळायचं होतं.

तो कसा पळतो हे मला ठाऊक होतं. माझं अर्धं अंग जमिनीत आहे. माणसांचे पाय मला खालून ऐकू येतात. बाकीची पोरं धप् धप् पळायची. गोरोबा पळाला की जमीन नुसती शहारायची.

आता तुमच्याकडं वळतो.

माझ्या मागं लिंबाचं झाड आहे, त्याखाली तुमची बैठक. एका बाजूला कल्याणप्पा, अडत दुकानाचे मालक, क्लबचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, दोष कोचचा. दुसऱ्या बाजूला शंभुलिंग, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचं म्हणणं, दोष पोरांचा. दोघांच्या मागं दोन टोळकी. मोबाईलवर युरोपातले सामने बघून तयार झालेली.

"कोचच बोगस हाय ओ," कल्याणप्पा म्हणायचे. "पोरास्नी नुसता पळवतोय. फॉर्मेशन न्हाय, प्रेसिंग न्हाय. मेंढरं तरी रांगंत चालतेत."

"कोच काय करंल, अध्यक्ष?" शंभुलिंग म्हणायचे. "ह्या पोरांना ब्राझीलचा कोच आणून द्या. चार दिवसांत तो तुळजापूरला पायऱ्यांवर बसून भीक मागंल, पण परत मैदानात येणार न्हाय. अंगातच खेळ न्हाय ह्यांच्या."

"आणि शिकवल्याबिगर अंगात येतो का?"

"अंगात असल्याबिगर शिकवता येतं का?"

असं दिवस मावळेपर्यंत. कुणी एकदाही विचारलं नाही की गोरोबा गोलात का आहे आणि उमाशंकर पुढं का.

उमाशंकर कल्याणप्पांचा धाकटा. म्हणून सेंटर. उंच, रुंद, पंजे परातीएवढे. दुकानात ट्रकवरून फेकलेली सोयाबीनची पोती तो अशी झेलायचा, जणू उशा झेलतोय. पण त्याला पळता येत नव्हतं. मध्यापासून गोलापर्यंत जाईस्तोवर चेहरा पांढरा पडायचा.

जळकोटच्या पोरांनी आपल्याला घरच्या मैदानावर तुडवलं तो सामना आठवा. शेवटची शिट्टी वाजली आणि शंभुलिंग मोठ्यानं म्हणाले, "सेंटरला माणूस उभा केलाय का पोत्याची थप्पी लावलीया?"

कल्याणप्पांचं टोळकं उठलं. पहिली चपराक कुणी मारली हे महत्त्वाचं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या हवेत उडाल्या, एक खुर्ची एकाच्या तोंडावर तुटली, तुटका पाय त्याच्या गालात घुसला. एकानं दुसऱ्याला माझ्या बुडाशी पालथा पाडून त्याचं तोंड फक्कीत घासलं. पांढरी रेघ लाल झाली. आणि कुणीतरी, दोन्ही टोळक्यांना सोडून, गोलात उभ्या असलेल्या पोराला दगड मारला. भुवईच्या वर लागला. गोरोबानं मला मिठी मारली तसं त्याचं रक्त माझ्यावरून खाली गेलं. लोखंडाला रक्ताची चव ओळखीची वाटते, हे मला त्या दिवशी समजलं आणि माझीच मला किळस आली.

त्याची आई, बानूबाई, मागच्या बांधावर मेंढरं घेऊन उभी असायची. ती धावत आली. कनवटीची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा तिनं जखमेत दाबला.

"कुणी मारला रं?"

"आपल्याच लोकांनी, आये."

"मंग नाव सांगू नगं," ती म्हणाली. "उद्या त्यांच्याच रानात मेंढरं बसवायचीत."

खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बानूबाईचा कळप तेव्हा कल्याणप्पांच्या रानात होता. म्हणून तिचं पोरगं गोलात उभं राहत होतं, मार खात होतं आणि गप्प होतं.

कोच होते धनाजी सर. बेंबळीचे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले, तिशीच्या आतले, फटफटीवर येणारे. आवाज मोठा, धीर कमी. मला ते आवडायचे.

एकदा सराव चालू असताना बानूबाईचा एक मेंढा बिथरला आणि मैदानात घुसला. गोरोबा गोल सोडून सुटला. मध्यरेषेवर त्यानं मेंढ्याला असा वळवला की मेंढाही चक्रावला. परत येताना पायात चेंडू सापडला. आता पोरगं ते पोरगं, गंमत म्हणून चेंडू घेऊनच निघालं. एकाला डावीकडं, दुसऱ्याला उजवीकडं झुकवलं, तिसरा स्वतःच पाय अडकून पडला. सरांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर आली.

"तू गोलात काय करायलास रे?" ते माझ्यापाशी येऊन म्हणाले.

"उभारलोय, सर."

"कुणी उभारलं?"

"आज्ज्यानं."

सरांना वाटलं पोरगं चेष्टा करतंय. मग त्याचा चेहरा बघितला.

"पुढं खेळशील?"

गोरोबानं मध्याकडं बघितलं. त्याचा हात माझ्यावर होता. तो त्यानं काढून घेतला आणि एक पाऊल रेघेबाहेर टाकलं.

सरांनी बैठकीत विषय काढला. लिंबाखाली सगळे जमले. "गोरोबा पुढं, उमाशंकर गोलात," ते म्हणाले. "एवढं एक करा. हरलो तर मला हाकला."

कल्याणप्पा शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही बेंबळीचे. तुम्हाला इथलं माहीत न्हाय. उद्या पालखीचा खांदा बी वाटेल त्याला द्याल."

"हा खेळ आहे, अप्पा. पालखी नाही."

"मान तो मान. काय कंडक्टर?"

आणि शंभुलिंग, ज्यांनी जन्मात कधी कल्याणप्पांना होकार दिला नव्हता, मान डोलावून म्हणाले, "हे मात्र बरोबर बोललात, अध्यक्ष."

बघा! एवढी वर्षं एकमेकांची डोकी फोडणारी माणसं एका क्षणात एक झाली. सर उठले. "मग का हरतो म्हणून पुन्हा विचारू नका," म्हणाले आणि फटफटीला लाथ मारून गेले.

संध्याकाळी उमाशंकर माझ्यापाशी येऊन बसला. अंगाला सोयाबीनचा भुसा. गोरोबा मेंढरं वळवून आला.

"गोऱ्या, तू जा बाबा पुढं. मला पळवत न्हाय. छाती फुटंल माझी एक दिवस."

"तुझ्या अप्पाला सांग की."

"तू सांग."

"म्या सांगू? मला बांधाला पुरतील."

"मला आडतीत पुरतील. तिथं सावली तरी हाय."

दोघं हसले. खूप वेळ हसले. मग उमाशंकर उठून माझ्यासमोर उभा राहिला आणि हात पसरून बघितले. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची जागा त्याच्यामुळं एकदम लहान झाली.

नळदुर्गकडच्या टीमबरोबरचा सामना हा त्या साली स्पर्धेत टिकायचा शेवटचा सामना होता. हाफटाइमला आपण दोन गोलांनी मागं. लिंबाखाली टोळकी दगड गोळा करायला लागलेली. धनाजी सरांनी दोघांना माझ्या मागं बोलावलं, त्यांची जर्सी अदलाबदल करून घातली. गोलीची जर्सी उमाशंकरला घट्ट झाली. गोरोबाला त्याची गुडघ्यापर्यंत आली.

"सर, अप्पा..." उमाशंकर म्हणाला.

"अप्पांचं मी बघतो. तू फक्त पोती झेल."

दुसरा हाफ सुरू झाला आणि मला खालून ते ऐकू आलं. जमिनीचा तो शहारा. गोरोबा उजव्या कडेनं निघाला, दोघांच्या मधून गेला, आणि चेंडू समोरच्या जाळीत. टाळ्या वाजवायच्या की नाही हेच तुम्हाला कळेना. आपल्याच टीमनं गोल केला होता आणि तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतात! फक्त बांधावरून बानूबाई ओरडली. कळपाला घालतात तशी हाक. थोड्याच वेळात दुसरा गोल. बरोबरी.

मग त्यांच्या एका पोरानं जवळून कचकचीत फटका मारला. उमाशंकरनं एका हातात तो पोत्यासारखा थांबवला. इतका सुंदर थांबवला की मी लोखंडाचा असून मला हुरूप आला.

आणि नेमकं तेच कल्याणप्पांना सहन झालं नाही. फक्कीची रेघ ओलांडून ते आत आले. "माझ्या घरचं पोरगं," त्यांचा आवाज चिरकला, "माझ्या घरचं पोरगं मार खायच्या जागेवर उभं केलं!"

ऐकलंत? मार खायची जागा. म्हणजे ठाऊक होतं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की गोल हा मान नाही, शिक्षा आहे.

त्यांनी उमाशंकरची गचांडी धरली. सर मध्ये आले. मग तुम्ही सगळे आलात. कल्याणप्पांची माणसं आली, शंभुलिंगांचीही आली, या खेपेला खांद्याला खांदा लावून. चौघांनी सरांचे हात धरले, एकानं केस धरले आणि त्यांचं डोकं माझ्यावर आपटलं. पुन्हा. पुन्हा. मी घणाचे घाव खाल्लेत, तो आवाज वेगळा असतो. हा ओला होता. मला वाकता आलं असतं तर मी वाकलो असतो, सरकता आलं असतं तर सरकलो असतो. पण मला ज्यानं पुरला त्यानं मजबूत पुरला होता. सरांचा कान फाटला. ते ओरडायचे थांबले तरी तुम्ही थांबला नाहीत.

गोरोबा पळत आला. त्याला तुम्ही खाली पाडलंत आणि बुटांनी बरगड्यांवर नाचलात. कोपऱ्यातला झेंडा उपटून त्याच्या पाठीत घातलात. उमाशंकर मध्ये पडला तेव्हा बापानंच त्याच्या थोबाडीत मारली, आणि तो रडला नाही, नुसता बापाकडं बघत राहिला. पंच पळून गेले. सामना नळदुर्गकडच्या टीमला देण्यात आला.

सरांना टेम्पोत आडवं घालून नेलं. त्यांना त्या कानानं आता ऐकू येत नाही असं म्हणतात. ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिंबाखाली होतात. सरांचं रक्त माझ्यावर वाळलेलं होतं. तुमचा हात लागेल इतक्या जवळ.

"कोचनंच वाट लावली," कल्याणप्पा म्हणाले.

"कोच जाऊ द्या," शंभुलिंग म्हणाले, "ह्या पोरांत दमच न्हाय. दम असता तर मारामारीत तरी जिंकली असती."

आणि हशा पिकला. मी तिथंच होतो.

स्पर्धा संपल्यावर शेजारच्या गावांशी मैत्रीचे सामने ठरले. पहिला आपल्याच मैदानावर, अणदूरच्या पोरांशी. गोल रिकामा होता. मानकरी घराशिवाय दुसरा कुणी उभा करायचा नाही, म्हणून कल्याणप्पा स्वतः बांधावर गेले. त्यांचं बोलणं मऊ होतं.

"बानूबाई, झालं गेलं सोडा. गोरोबाला पाठवा. तुमच्या घरचा मान हाय. आणि मेंढरं काय, आमच्या रानात हायतच."

गोरोबाच्या बरगड्यांना अजून पट्टा होता. कल्याणप्पा गेल्यावर तो आईला म्हणाला, "जाऊ का?"

"म्या जा म्हनू का नगं म्हनू, मला कळंना बाबा."

"आये, मेंढरं आज कुणाच्या रानात हायत?"

बानूबाई तळ्याकडं बघत म्हणाली, "कुणाच्याच न्हाय. पहाटंच गायरानात हलविली."

गोरोबा हातमोजे उचलून मैदानाकडं आला.

त्याला गोलात बघून तुमचा जीव कसा भांड्यात पडला! सगळं जागच्या जागी. गोली गोलात, सेंटर मध्यात, दोन टोळकी लिंबाखाली. वाद पुन्हा सुरू. नवीन कोच कुणी आणायचा, की कोच नकोच?

सामना सुरू झाला. अणदूरच्या एका पोरानं लांबून सोपा चेंडू मारला. गोरोबानं तो छातीशी धरला. बरगडीत कळ आली असावी, कारण तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग त्यानं चेंडू खाली ठेवला. हातमोजे काढले, माझ्या बुडाशी टाकले.

आणि निघाला.

"मार की पुढं!" तुम्ही ओरडलात. त्यानं मारला नाही. तो चेंडू घेऊन पळत होता. "मागं ये! गोल मोकळा हाय! मागं ये रं सुव्वरा!" आपलाच हाफ त्याच्या पायातून चेंडू काढायला धावला, त्याला त्यानं चकवलं. अणदूरचे दोघं आले, त्यांनाही. मग तुमचा पहिला दगड गेला. दुसरा त्याच्या पाठीत बसला, तो अडखळला, हात टेकला, उठला. चेंडू अजून पायातच. जमीन शहारत होती, आणि त्या शहाऱ्यात मला एक गोष्ट नवीन ऐकू आली. एक पाऊल हलकं, एक जड. दुखणाऱ्या बाजूवर तो भार टाकत नव्हता. तरी कुणाला सापडत नव्हता.

मध्यरेषेवर दोघं एकमेकांना ओलांडून गेले. गोरोबा पुढं आणि उमाशंकर मागं. होय, उमाशंकर पळत माझ्याकडं येत होता, धापा टाकत, पांढऱ्याफटक तोंडानं. कुणी सांगितलं नव्हतं. आला, गोरोबाचे हातमोजे त्याच्या पंजात जाईनात, ते फेकून दिले आणि नुसत्या हातांनी माझ्यासमोर उभा राहिला.

कल्याणप्पा काठी घेऊन त्याच्यावर धावले. "बाहेर हो! ये इकडं!"

"न्हाय येत, अप्पा."

काठी खांद्यावर पडली. तो हलला नाही. दुसरा घाव हुकून माझ्यावर बसला, तिसरा त्याच्या बोटांवर. बोटं माझ्याभोवती आवळलेली होती, ती मोडल्याचा आवाज माझ्या लोखंडातून खालपर्यंत गेला. चार माणसं त्याला ओढायला लागली. तो सोडेना. त्याला ओढता ओढता त्यांनी मला वाकवलं. एवढ्या वर्षांत बोअरच्या खडकानं जे केलं नाही, ते तुमच्या हातांनी केलं.

आणि त्याच वेळी पलीकडची जाळी हलली.

धुरळा होता, मला दिसलं नाही. पण जाळी हलल्यावर खांबाला जो कंप येतो तो खांबाला बरोबर कळतो. तिकडं माझा भाऊ उभा आहे, त्याच बोअरचा. मग पंचांची शिट्टी. मध्याकडं हात. गोल.

पंच नवखे होते, तुळजापूरहून आलेले. कल्याणप्पा त्यांच्या अंगावर गेले. "गोलीनं केलेला गोल आमच्यात धरत न्हाईत!"

"नियमात बसतो, साहेब."

अणदूरचा कप्तान, ज्याच्या टीमवर गोल झाला होता, तो खाली पडलेल्या गोरोबाला उठवत म्हणाला, "ओ काका, गोल झालाय. आमी मान्य करतो."

"आमी न्हाय मान्य करत!" हे कल्याणप्पा आणि शंभुलिंग एका आवाजात ओरडले. तुम्ही सगळे ओरडलात. आपल्या पोराचा गोल रद्द करावा म्हणून आपलंच गाव पंचांच्या मोटारसायकलला आडवं झोपलं. शेवटी पंचांनी हात जोडले आणि कागदावर गोल खोडला.

आता माझी हालत बघा. मी एका कुशीवर कललेला. रंग गेला, गंज राहिला. गोलात अजून कुणी नाही, कारण मानकरी घर कळप घेऊन कर्नाटकच्या बाजूला गेलंय. तिकडं एका गावात एक बुटका पोरगा चेंडू घेऊन पार गोलापर्यंत पळतो, असं मेंढक्यांच्या बोलण्यात येतं. उमाशंकरची दोन बोटं वाकडी जुळलीत. तो दुकानातून सुटला की येतो, वाकड्या बोटांनी मला चाचपतो, समोर उभा राहतो आणि हात पसरतो. त्याच्यावर चेंडू मारायला कुणी नसतं.

परवा तुम्ही पुन्हा लिंबाखाली जमलात. तुमच्यातला एक म्हणाला, "काही म्हणा, गोऱ्याचा तो गोल भारी होता. धनाजी सरांनीच शिकवलं असणार." दुसरा म्हणाला, "शिकवून येतंय व्हय? पोरात होतंच ते." आवाज चढले. एकानं बाह्या सरसावल्या.

शिकवलं होतं की अंगात होतं? मी तुमच्या पाया पडायला तयार आहे, मला पाय असते तर. आधी तो गोल धरा. कागद काढा, खोडलंय तिथं पुन्हा लिहा. अणदूरच्या पोरांनी मान्य केला, तुम्हीही करा. मग माझ्या पाठीला टेका आणि खुशाल भांडा.

तोवर मी वाकडाच बरा आहे. मला सरळ करायला कुणी येऊ नका.